कब्रस्तानाच्या कोपऱ्यातली जागा

सिस्टरनी सकाळीच सांगून टाकलं, "त्यांना नगरला न्यायचं नाही. इथंच ठेवायचं. बाळाशेजारी."

आम्ही दोघंच होतो ऐकायला. मी आणि चाचा. आत खाटेवर त्यांचे मिस्टर होते, पहाटे छातीत कळ येऊन गेलेले. सिस्टर दवाखान्यात नर्स, त्यामुळे काय झालंय ते त्यांना आमच्या आधी कळलं होतं. त्यांनी स्वतःच मिस्टरांचे डोळे मिटले, चादर नीट केली आणि ओटीवर येऊन हे वाक्य बोलल्या.

चाचा म्हणजे आमचे घरमालक. महाडच्या कडेला, मोहल्ल्याच्या टोकाशी त्यांची लहानशी चाळ आहे. एका खोलीत मी भाड्याने राहायचो, शेजारच्या खोलीत हे नवराबायको. ते दोघं ख्रिस्ती, मूळचे नगर जिल्ह्यातले. मिस्टर औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या बॉयलरवर होते, त्याच कारखान्याच्या टाइम ऑफिसात मी. मी पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतला, शेतकऱ्याचा मुलगा, वाडीतला पहिला पदवीधर. इतिहास घेऊन बीए झालो. हे मी सांगतो तेव्हा लोकांना वाटतं मिरवतोय. मिरवतोच. आमच्या वाडीत माझ्या आधी मिरवण्याजोगं कुणी काही शिकून आलेलं नाही.

"बाळाशेजारी" हा शब्द ऐकला आणि चाचा पायरीवर खाली बसले. मला वाटलं चक्कर आली.

"काय झालं चाचा?"

"काय नाय. पानी दे."

पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी मला सगळं सांगितलं. मी तिथं राहायला येण्याच्या खूप आधीची गोष्ट. श्रावणात सिस्टरना दिवस भरायच्या आधी कळा आल्या आणि बाळ मेलेलंच जन्मलं. घाट बंद होते, मुंबईकडच्या रस्त्यावर पाणी होतं. महाडात ख्रिस्ती घरं मोजकी. रविवारी एका खोलीत जमून प्रार्थना करतात, पण पुरायला त्यांची जागा नाही. कुणी गेलं की गाडी करून लांब न्यायचं, हाच रिवाज. त्या दिवशी न्यायचं कसं? मिस्टर कापडात गुंडाळलेलं बाळ घेऊन ओटीवर उभे होते. चाचांनी फावडं घेतलं.

कब्रस्तानाला लागून चाचांची स्वतःची एक पट्टी होती, नुसती गवताची. तिथं त्यांनी खड्डा केला आणि बाळ ठेवलं. हे घरात फक्त चाचींना माहीत. पुढं काही वर्षांनी मोहल्ल्याच्या जमातीनं कब्रस्तानाला भिंत घालायची काढली. भिंत सरळ यावी म्हणून चाचांनी ती पट्टी जमातीला देऊन टाकली. नमाजनंतर सगळ्यांसमोर दिली. लोकांनी कौतुक केलं. आत काय आहे, हे मात्र चाचा बोलले नाहीत.

"मला वाटलं, तान्हं पोर, त्याला कसला धरम," चाचा म्हणाले. "पन दिलेल्या जागेत काय हाय ते सांगितलं नाय, म्हंजे फसवलंच की रे."

आता बाळाशेजारी त्याचा बाप ठेवायचा, तर सगळ्यांसमोर बोलणं भाग होतं. आणि दिवस होता शुक्रवार.

सिस्टरना मी आत जाऊन विचारलं, नगरलाच नेलं तर नाही का चालणार. त्या मिस्टरांच्या शर्टाची बटणं लावत होत्या. म्हणाल्या, "मी रोज ड्युटीला त्या भिंतीवरून जाते. आतमध्ये जायला मला कुणी कधी सांगितलं नाही, मी कधी मागितलंही नाही. आता यांना तिकडं नेलं तर माझं अर्धं तिकडं, अर्धं इकडं. मी कुणाकडं बघू?"

मी ओटीवर चाचांकडं परत आलो.

दुपारच्या नमाजनंतर मशिदीच्या बाहेरच्या पडवीत माणसं बसली. मी कट्ट्यावर कडेला बसलो. चाचांनीच मला ओढून आणलं होतं, "तू चल, तुला बोलाय येतं" म्हणून. जमातीचे सदर, म्हणजे अध्यक्ष, म्हातारे, उमेदीची सगळी वर्षं जहाजावर काढलेले. चाचांनी त्यांच्यासमोर उभं राहून सगळं सांगितलं. संपल्यावर कुणी तरी खाकरलं.

पहिला बोलला तो जहाजावरूनच सुट्टीवर आलेला एक तरुण. "चाचा, कब्रस्तान हाय ते, धरमशाळा नाय. आज एक, उद्या दुसरा. आनि त्यांना आमची किती पडलेली असते ते मी बगितलंय. आमचा चीफ ख्रिश्चन होता. रोज्यात मुद्दाम मला भर दुपारचा इंजिनात उतरवायचा. वर हसायचा."

"माझ्या जहाजावरचा कुक गोव्याचा ख्रिश्चन," सदर म्हणाले. "रोज्यात पहाटे सहेरीला माझ्या आदी उठून चहा ठेवायचा. आता तुझा चीफ नि माझा कुक तराजूत घालून बसायचं काय?"

"पन नियम हाय ना काय तरी."

नियम होताच. इमामसाहेबांनी तो शांतपणे सांगितला. ज्याचं त्याचं दफन ज्याच्या त्याच्या जागी. त्यात कुणाचा अपमान नाही, पण सरमिसळ नाही.

माझ्याच्यानं गप्प बसवेना. कॉलेजात ख्रिस्ती आणि मुसलमानांचा इतिहास म्हणजे आम्हाला धर्मयुद्धं होती. कारणं लिहा, परिणाम लिहा. मी ती घोकून लिहिली होती आणि मला चांगले गुण पडले होते. पण आमच्या सरांनी एकदा अभ्यासक्रमाबाहेरचं सांगितलं होतं, ते परीक्षेत कधी आलं नाही आणि माझ्या लक्षात मात्र राहिलं. ते मी तिथं बोललो. पैगंबरांच्या पहिल्या माणसांचा मक्केत छळ झाला तेव्हा त्यांना आसरा दिला तो हबशांच्या राजानं. तो राजा ख्रिस्ती होता. त्यांना परत द्या म्हणून मक्केची माणसं मागायला आली, त्यानं दिली नाहीत.

तरुण माझ्याकडं वळला. "सर, तुमी आमाला आमचाच इतिहास सांगताय?"

"सांगू दे की," सदर म्हणाले. "तुला ठाव होता, तर मगाशी चीफच्या जागी तोच का नाय काढलास?"

दोघंतिघं हसले. तरुणही हसला, पण मान हलवत राहिला. माझ्या बोलण्यानं नियम बदलला नाही, बदलणारही नव्हता. एवढंच झालं की बसलेली माणसं उठायची घाई करेनात.

शेवटी सदरांनी तोड काढली. "ही पट्टी आमाला कधी मिळाली? भिंतीच्या वेळंला. मग असं धरू का त्या कोपऱ्यापुरती ती आमी घेतलीच नाय. चाचाची होती, चाचाचीच हाय. आज रस्त्याच्या बाजूनं भिंत फोडा, त्यांना तिकडून आत येऊ दे. आमच्या दरवाजातून नको. मागाहून भिंत त्या दोन कबरींच्या अलीकडनं बांदून घेऊ. इमामसाब?"

इमामसाहेबांनी भिंतीच्या बाजूला एकदा बघितलं. मग म्हणाले, "भिंत आत घेणार असाल तर मला बोलायचं नाही."

"आनि उद्या आनखी कोन आला तर?" तरुणानं विचारलं.

"उद्याचं उद्या." मग सदर चाचांकडं वळले. "पन तू लपवलंस ते चुकलास. सगळ्यांसमोर दिलंस, सगळ्यांसमोर सांगायचं होतंस."

चाचांनी मान खाली घातली. त्या पडवीत त्यांना मी कधी तसं उभं राहिलेलं बघितलं नव्हतं. तरुण उठला, लुंगी वर खोचली आणि म्हणाला, "चला, खड्डा तर आमालाच मारावा लागंल. त्यांच्यात कोन मारतोय?"

इकडं हे ठरलं आणि दुसरं संकट घाट उतरत होतं. मिस्टरांचा धाकटा भाऊ नगरकडच्या एका गावात चर्चचा पाळक. सकाळी फोन गेल्यावर तो जीप करून निघाला होता, भावाला घेऊन जायला. सिस्टरनी त्याला फोनवर काही सांगितलं नव्हतं. मला म्हणाल्या, "भाऊजींना पोलादपुरातच गाठा. इथं दारात वाद नको."

मी मोटरसायकल काढली. पोलादपूरच्या स्टँडसमोर उभा राहिलो, जिथं घाटातून येणारी गाडी चुकत नाही. जीप लांबूनच ओळखू आली. टपावर दोऱ्यांनी बांधलेली शवपेटी होती. महाडात पेटी मिळणार नाही हे त्यांना माहीत होतं, म्हणून नगरहूनच आणली होती. हॉटेलातली माणसं चहाचे ग्लास हातात धरून बघायला लागली.

मी गाडी ओळखीच्या टपरीवर लावून जीपमध्ये पाळकसाहेबांशेजारी बसलो आणि सरळ सांगितलं. मला फिरवून बोलायला येत नाही.

"मुसलमानांच्या कब्रस्तानात?" ते म्हणाले. "वहिनींचं डोकं ठिकाणावर नाही आज. तुम्ही शिकलेले दिसता, तुम्ही तरी सांगायचं."

"त्यांचं डोकं ठिकाणावर आहे. मी विचारून बघितलं."

गाडी महाडच्या रस्त्याला लागली. ते बाहेर बघत होते. मग आपणहून बोलायला लागले. त्यांच्या गावात ख्रिस्ती आणि मुसलमान यांची थडगी शेजारीशेजारी, मधे निवडुंगाचं कुंपण. कुंपण दर पावसाळ्यानंतर इकडं नाही तर तिकडं सरकलेलं असायचं. "आमच्या आजीच्या थडग्यावरून त्यांनी वाट पाडली. वडलांनी जाब विचारला तर कपाळावर दगड बसला. आम्ही काय केलं तेही सांगतो, खोटं कशाला बोलू. आम्ही त्यांची शेरडं कोंडून घातली, त्यातली काही पाण्यावाचून मेली. त्या कुंपणापायी दोन पिढ्या एकमेकांच्या लग्नाला गेल्या नाहीत. आणि आता मी माझ्या भावाला उचलून त्यांच्या आत नेऊन ठेवू?"

तेव्हा मी बाळाचं सांगितलं. त्यांना माहीत नव्हतं. त्यांना घरच्यांनी सांगितलं होतं की बाळ मिशनच्या जागेत पुरलंय.

"मुसलमानानं पुरलं?"

"हो. आमच्या चाचांनी."

"प्रार्थना कुणी केली?"

"मला माहीत नाही."

महाड जवळ आलं. ड्रायव्हरनं गाणी लावायला हात पुढं केला, त्यांनी तो धरला.

घरी दीर-भावजयीचं काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही. दार लोटलेलं होतं. बाहेर आले तेव्हा पाळकसाहेबांचे डोळे लाल होते आणि ते म्हणाले, "पेटी उतरवा." म्हणजे मिस्टरांना इथं ठेवायला ते तयार झाले होते, असं मी समजलो. अर्धंच खरं होतं ते.

रस्त्याच्या बाजूनं भिंत फोडली होती. त्या भगदाडातून आम्ही पेटी आत नेली. प्रार्थनेला येणारी ख्रिस्ती माणसं, कारखान्यातले आमचे लोक, आणि खड्डा मारणारी मोहल्ल्यातली पोरं थोडी बाजूला, घामानं निथळत. खड्डा तयार होता. व्यवस्थित, कडा तासलेल्या. पाळकसाहेबांनी आत बघितलं आणि हातानं सगळ्यांना थांबवलं.

पोरांनी त्यांच्या हाताला सवय होती तशी कबर खणली होती. दक्षिणोत्तर. वर रुंद, आणि खाली माणूस मावेल एवढी अरुंद चर, म्हणजे मधल्या पायरीवर फळ्या टाकून माती लोटता येते. त्यांच्यात माणूस पेटीविना, कफनात जातो, उजव्या कुशीवर, पश्चिमेकडं तोंड करून. पेटी त्या पायरीवरच अडकणार होती. आणि ख्रिस्ती माणसाचे पाय पूर्वेकडं करतात, शेवटच्या दिवशी तो पूर्वेकडं बघत उठावा म्हणून. कुणी वाईट मनानं काही केलं नव्हतं. त्यांना दुसरी कबर खणायचं कधी कामच पडलं नव्हतं, आणि आम्हाला कुणाला सांगायचं सुचलं नव्हतं.

"ही मुसलमानाची कबर आहे," पाळकसाहेब म्हणाले. "माझा भाऊ जमिनीखाली मुसलमान करायचाय का तुम्हाला?"

"ओ, तोंड सांबाळून," जहाजावरचा तरुण पुढं आला. "दुपारपासून उन्हात हाय आमी. खाली कातळ लागलाय, तुमी मारून बगा."

"मी मारतो. द्या पहार."

"मारा. अंधार पडंपर्यंत मारत बसा."

पाळकसाहेबांनी खरोखरच पहार घेतली. कारखान्यातले दोघंतिघं त्यांच्या बाजूला येऊन उभे राहिले, मोहल्ल्यातले चौघं त्या तरुणाच्या मागं. मी मध्ये होतो. मला दोन्हीकडचं पटत होतं, त्यामुळं कुणालाच काही सांगता येईना.

सिस्टर पुढं आल्या. त्यांनी दिराकडं नाही, चाचांकडं बघितलं. "चाचा, बाळाला कसं ठेवलंय?"

"आमच्या पद्दतीनं," चाचा म्हणाले. "उत्तरेला डोकं, पच्छिमेला तोंड. मला दुसरी येत नव्हती."

"आणि प्रार्थना?" हे पाळकसाहेबांनी विचारलं.

"ती पन आमचीच. पोरासाटी जी म्हनतात ती. दुसरी येत नव्हती ना. चुकलं असंल तर तुमी आता तुमची म्हना."

सिस्टर म्हणाल्या, "भाऊजी, पेटी राहू द्या. तुमचे वडील कुठं पेटीत गेले होते? घोंगडीतच गेले ना?"

पाळकसाहेबांनी पहार खाली टाकली. कोट काढून माझ्या हातात दिला, चपला काढल्या आणि स्वतः कबरीत उतरले. पेटी उघडून आम्ही मिस्टरांना चादरीसकट खाली दिलं. पाळकसाहेबांनी त्यांना चरीत निजवलं, आणि मग दोन्ही हातांनी डाव्या कुशीवर वळवलं. पूर्वेकडं तोंड. वर उभ्या असलेल्या प्रत्येकानं ते बघितलं. मी इमामसाहेबांना शोधलं, ते लांब झाडाखाली पाठ करून उभे होते.

देह कुशीवर राहीना. हात काढला की पुन्हा उताणा. पाळकसाहेब पुन्हा वळवायचे. तिसऱ्या खेपेलाही तेच झालं.

जहाजावरचा तरुण कडेला उकिडवा बसला. मातीच्या ढिगातून त्यानं मोठी ढेकळं निवडली आणि एकेक खाली दिली. "पाठीमागं लावा. अशी, दाबून. आमी पन लावतो." पुढचं ढेकूळ देत म्हणाला, "दुसऱ्या बाजूनं."

पाळकसाहेबांनी ढेकळं घेतली. आभार मानले नाहीत. वर येऊन प्रार्थना म्हटली, ती मात्र मोठ्यानं, मशिदीपर्यंत जाईल अशी. शेवटी बाजूच्या गवताकडं तोंड करून बाळासाठी वेगळी म्हटली. माती लोटायला सगळेच होते.

चाचींनी केलेला चहा त्यांनी घेतला नाही. रिकामी पेटी टपावर बांधली. जीपमध्ये बसताना मला म्हणाले, "गावात काय सांगू मी? कुठं ठेवला म्हणू?" मी म्हटलं, "आहे तेच सांगा." ते म्हणाले, "तुम्हाला सोपं आहे." ते खरं होतं.

घराकडं चालताना चाचांनी माझा दंड धरला. "पोर पूरबेच्या अंगाला हाय," ते म्हणाले. मला कळायला वेळ लागला. बाळ पूर्वेला, तोंड पश्चिमेकडं. बाप पश्चिमेला, तोंड पूर्वेकडं. दोघं समोरासमोर झाले होते. ठरवून कुणी केलं नव्हतं. सिस्टरना मी हे सांगितलं नाही, चाचांनी सांगितलं असेल.

भिंतीच्या भगदाडाला पत्रा लावून ठेवला होता. काही आठवड्यांनी सदरांनी गवंडी बोलावला. मी पहिल्या पाळीहून परत येत होतो, म्हणून थांबलो. चाचा होतेच. तो तरुणही होता, आठवड्यानं जहाजावर परत जायचा होता. गवंड्यानं खुंट्या ठोकून दोरी ताणली होती, मिस्टरांच्या कबरीच्या अगदी कडेनं. आतलं सगळं जमातीचं, बाहेर ते दोघं, आणि मग रस्ता.

सिस्टर ड्युटीला निघाल्या होत्या. गणवेशातच कडेला उभ्या राहिल्या, दोरीकडं बघितलं आणि गवंड्याला म्हणाल्या, "थोडी आत घ्या."

"किती?"

"माझ्यापुरती."

गवंड्यानं सदरांकडं बघितलं. तरुण म्हणाला, "मी त्याच दिवशी बोललो होतो. उद्या आनखी कोन आला तर. आला बगा."

"जागा माझीच होती," चाचा म्हणाले.

"होती," सदर म्हणाले.

सिस्टरनी मोहल्ल्यातली किती बाळंतपणं केली होती, ते तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. त्या तरुणाच्या बायकोचंही त्यांनीच केलं होतं. त्या ते बोलल्या असत्या तर कुणाला तोंड वर करता आलं नसतं. त्या बोलल्या नाहीत. पर्स खांद्यावर धरून नुसत्या उभ्या राहिल्या. त्यांना दवाखान्यात जायला उशीर होत होता, तो होऊ दिला.

मला बोलावंसं वाटत होतं. या खेपेला माझ्याकडं सांगायला कुठला राजा नव्हता.

सदर काठी टेकत दोरीपाशी गेले. काठीच्या टोकानं मातीवर एक रेघ ओढली, दोरीच्या आत. तरुण त्या रेघेकडं बघत राहिला. मग त्यानं वाकून खुंटी उपटली, रेघेवर आणून धरली आणि दगडानं ठोकायला लागला. ठोकता ठोकता मान वर न करता म्हणाला, "सिस्टर, याच्यापुडं नाय हां. एवढंच."

"नाही मागणार," सिस्टर म्हणाल्या. "मला एकदाच लागणार आहे."

गवंड्यानं दोरी पुन्हा ताणून बघितली आणि जांभ्याचा पहिला चिरा उचलला.